पहिली खेळी कोणती, आणि का?

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जिया देशातील बातुमी या शहरात नागपूरच्या दिव्या देशमुख हिने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. तेव्हा तिचे वय १९ वर्षांचे होते. अंतिम लढतीत तिच्यासमोर ३८ वर्षांच्या कोनेरू हंपी होत्या. संथ गतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. मग जलद गतीचे दोन डाव झाले. त्यांतला पहिला पुन्हा बरोबरीत सुटला आणि दुसरा काळ्या मोहऱ्यांनी खेळून दिव्याने जिंकला. या विजयाबरोबरच ती ग्रँडमास्टर झाली. हा किताब मिळवणारी ती भारताची ८८वी खेळाडू आणि भारतीय महिलांपैकी चौथी.

त्यानंतर अनेक शाळांत बुद्धिबळाचे पट कपाटातून बाहेर आले. ही आनंदाची गोष्ट आहे. पण पट मांडल्याबरोबर मुले जो पहिला प्रश्न विचारतात, त्याचे उत्तर पुष्कळदा मिळत नाही. प्रश्न असा : सुरुवातीला कोणते मोहरे हलवायचे, आणि तेच का? बहुधा उत्तर मिळते, 'राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाक, सगळे तेच करतात.' विज्ञानाच्या तासाला असे उत्तर आपण चालवून घेणार नाही. मग पटावर तरी का चालवावे? या लेखात आम्ही या एकाच प्रश्नाचा माग काढणार आहोत. त्यासाठी एक पट, सोंगट्या आणि कागद-पेन्सिल एवढेच साहित्य पुरे.

खुणेची भाषा आधी ठरवून घेऊ. पटाच्या उभ्या पट्ट्यांना डावीकडून उजवीकडे ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे आहेत. आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ असे क्रमांक आहेत. म्हणजे ई४ हे ई पट्टीवरचे चौथे घर. आलेखावरचा बिंदू सांगण्याची जी रीत, तीच ही. पाचवी-सहावीच्या मुलांना निर्देशकांची ओळख करून देण्यासाठीही ती उपयोगी पडते.

आधी मोजून पाहू

डाव सुरू होताना पांढऱ्याला किती वेगवेगळ्या खेळ्या करता येतात? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. बरीच मुले चटकन 'सोळा' म्हणतात. आठ प्यादी, प्रत्येकी एक किंवा दोन घरे, म्हणून सोळा. घोडा इतरांच्या डोक्यावरून उडी मारतो हे लक्षात आले की आणखी चार खेळ्या मिळतात. एकूण २०. काळ्यालाही तेवढ्याच. म्हणजे दोघांची एकेक खेळी झाली की ४०० शक्यता होतात.

येथून पुढे गणित हाताबाहेर जाते. पांढऱ्याच्या दुसऱ्या खेळीअखेर ८,९०२ मार्ग होतात आणि काळ्याच्या दुसऱ्या खेळीअखेर १,९७,२८१. दोघांच्या तीन-तीन खेळ्या झाल्या की ही संख्या ११ कोटी ९० लाखांवर जाते. दर सेकंदाला एक मार्ग या वेगाने दिवसरात्र मोजत बसले तरी पावणेचार वर्षे लागतील. अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन यांनी १९५० साली एक ढोबळ अंदाज बांधला. दोघांची मिळून एक जोड-खेळी सुमारे हजार प्रकारे होऊ शकते आणि डाव साधारण चाळीस जोड-खेळ्यांचा असतो. म्हणून हजाराचा हजाराशी चाळीस वेळा गुणाकार करायचा. उत्तर येते १ वर १२० शून्ये. एवढे मार्ग पाठ करणे तर सोडाच, ते लिहून ठेवायला विश्वातले अणूही पुरणार नाहीत.

येथे एक बारकावा आहे. वेगवेगळ्या मार्गांनी एकाच मुक्कामी पोचता येते. आधी वजिरापुढचे प्यादे आणि मग उंटापुढचे प्यादे हलवले काय, किंवा उलट क्रमाने हलवले काय, पटावरचे चित्र तेच राहते. म्हणून पांढऱ्याच्या दुसऱ्या खेळीअखेर मार्ग ८,९०२ असले तरी प्रत्यक्ष वेगळ्या स्थिती साडेपाच हजारांहूनही कमी भरतात. तरीही पसारा अफाटच आहे. म्हणजे सुरुवात चांगली की वाईट हे ठरवायला पाठांतराखेरीज काहीतरी माप हवे.

मोकळीक : एक कच्चे माप

सोपे माप असे घेता येईल. एखादी खेळी केल्यावर पुढच्या वेळी आपल्याला किती खेळ्या उपलब्ध होतात, ते मोजायचे. सोयीसाठी असे धरू, की मधल्या वेळात काळ्याने ए पट्टीवरचे प्यादे एक घर पुढे टाकले आहे. मुलांना गट करून हे मोजायला द्यावे. उत्तरे अशी येतात :

पांढऱ्याने ए पट्टीवरचे प्यादे एक घर पुढे टाकले, तर पुढच्या वेळी १९ खेळ्या. म्हणजे सुरुवातीच्या विसापेक्षाही एक कमी! कारण त्या प्याद्याने घोड्याचे एक घर अडवले.
घोडा कडेच्या एच३ घरात आणला, तर २०.
घोडा एफ३ घरात आणला, तर २२.
वजिरापुढचे प्यादे डी४ वर आणले, तर २८.
राजापुढचे प्यादे ई४ वर आणले, तर ३०.

कारण उघड आहे. राजापुढचे प्यादे हलले की उंटाला आणि वजिराला तिरक्या वाटा मोकळ्या होतात. वजिरापुढचे प्यादे हलले की एका उंटाची वाट मोकळी होते, पण वजिराला मात्र सरळ वर दोनच घरे मिळतात. कडेचे प्यादे हलवून जवळजवळ काहीच उघडत नाही.

घोड्याचेही तसेच. रिकाम्या पटावर एफ३ घरातला घोडा आठ घरांवर नजर ठेवतो, एच३ मधला फक्त चार घरांवर, आणि कोपऱ्यातला तर दोनच घरांवर. उंट कोपऱ्यात असला तर सात घरे, मध्यावर असला तर तेरा. एकटा हत्ती मात्र कोठेही ठेवा, त्याला चौदाच घरे मिळतात. म्हणून सुरुवातीला हत्तीची घाई नसते आणि घोड्याउंटांची असते. 'घोडे-उंट आधी बाहेर काढा' हा जुना उपदेश असा मोजून सिद्ध करता येतो.

माप कोठे अपुरे पडते

येथेच थांबलो तर मात्र फसगत होईल. मुलांना आणखी एक खेळी मोजायला सांगावी. राजापुढचे प्यादे दोनऐवजी एकच घर पुढे, म्हणजे ई३ वर टाकले तर? उत्तर पुन्हा ३० येते! आमच्या मापाप्रमाणे ई३ आणि ई४ सारख्याच चांगल्या ठरतात. पण अनुभवी खेळाडू ई४ कितीतरी अधिक वेळा खेळतात. म्हणजे आमच्या मापातून काहीतरी निसटले.

काय निसटले? ई४ वरचे प्यादे डी५ आणि एफ५ या घरांवर मारा करते. त्या घरांत प्रतिपक्षाला आपले मोहरे निर्धास्तपणे बसवता येत नाही. ई३ वरचे प्यादे डी४ आणि एफ४ वर मारा करते, म्हणजे आपल्याच अर्ध्या भागातल्या घरांवर. पटाच्या मधोमध ई४, ई५, डी४, डी५ ही चार घरे आहेत. एखादे मोहरे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे न्यायचे तर बहुधा याच परिसरातून जावे लागते. गावातल्या चौकासारखी ही जागा आहे. चौक ज्याच्या ताब्यात, त्याला सगळ्या रस्त्यांवर लवकर पोचता येते.

म्हणजे दोन मापे झाली : मोकळीक आणि मध्यावरचा ताबा. तिसरे माप राजाच्या सुरक्षिततेचे. तेही वर्गात लगेच दाखवता येते. काळ्याच्या राजाशेजारचे एफ७ हे घर पाहा. सुरुवातीच्या मांडणीत त्या घराला राजाखेरीज दुसऱ्या कोणाचाही आधार नाही. नवशिक्यांना चार खेळ्यांत मात बसते ती येथेच. पांढऱ्याचे प्यादे ई४ वर, काळ्याचे ई५ वर. पांढरा वजीर एच५ वर येतो, काळा घोडा सी६ वर. पांढरा उंट सी४ वर येतो. आता काळ्याने बेसावधपणे दुसरा घोडा एफ६ वर आणला की वजीर एफ७ वरचे प्यादे मारतो आणि मात! राजा वजिराला मारू शकत नाही, कारण मागे उंटाचा आधार आहे. उपाय साधा आहे. घोड्याऐवजी जी पट्टीवरचे प्यादे एक घर पुढे टाकले की वजिराची वाटही अडते आणि वजिरावर मारही बसतो.

खेळ्या त्याच, क्रम निराळा

आता प्रत्यक्ष स्पर्धेतल्या सुरुवातीकडे वळू. बातुमीच्या अंतिम लढतीतील पहिल्या जलद डावात हंपी यांनी पेट्रॉफ बचाव निवडला होता. रशियन खेळाडू अलेक्झांडर पेट्रॉफ यांच्यावरून हे नाव पडले. याला रशियन बचाव असेही म्हणतात. यात पांढरा ई४, काळा ई५. पांढऱ्याचा घोडा एफ३ वर येऊन ई५ च्या प्याद्यावर रोख धरतो. काळा आपले प्यादे वाचवत बसत नाही. तोही घोडा एफ६ वर आणून पांढऱ्याच्या ई४ च्या प्याद्यावर रोख धरतो. आरशातल्यासारखी मांडणी तयार होते.

पांढऱ्याने घोड्याने ई५ चे प्यादे मारले. काळ्यानेही लगेच ई४ चे प्यादे मारावे काय? सहज वाटते, हिशेब बरोबर होईल. पण येथे सापळा आहे. पांढरा वजीर ई२ वर येतो आणि काळ्या घोड्यावर रोख धरतो. काळा घोडा घाबरून एफ६ वर परतला, की पांढरा आपला ई५ वरचा घोडा सी६ वर नेतो. घोडा बाजूला होताच वजिराचा शह थेट काळ्या राजावर लागतो आणि त्याच वेळी घोडा काळ्या वजिरावर मारा करतो. शह तर टाळलाच पाहिजे, म्हणून वजीर जातो. सहा खेळ्यांच्या आत डावाचा निकाल लागल्यात जमा.

मग काळ्याने काय करावे? प्यादे मारावेच, पण आधी डी पट्टीवरचे प्यादे एक घर पुढे टाकून पांढऱ्या घोड्याला ई५ वरून हुसकून लावावे. तो एफ३ वर परत गेला की मग ई४ चे प्यादे मारावे. आता पांढरा वजीर ई२ वर आला तरी काळाही आपला वजीर ई७ वर आणून घोड्याला आधार देतो. ई पट्टीवर आडोशाला पांढरा घोडाच उरलेला नाही, मग अचानक उघडणारा शह येणार कोठून? प्यादे मारण्याची खेळी तीच, पण एक खेळी आधी केली तर घात आणि एक खेळी नंतर केली तर बचाव. प्रयोगशाळेत आपण मुलांना बजावतो की आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात ओतू नये. पदार्थ तेच, क्रम बदलला की अपघात. पेट्रॉफ बचावाचा सगळा गाभा या क्रमात आहे. ज्याने नुसत्या खेळ्या पाठ केल्या तो येथे फसतो. कारण समजलेला मुलगा क्रम विसरला तरी तो पुन्हा शोधून काढतो.

कलकत्त्यातला एक डाव

याच बचावाच्या इतिहासात एक भारतीय पान आहे. जॉन कोक्रेन हे स्कॉटिश बॅरिस्टर कलकत्त्यात वकिली करीत आणि त्या काळच्या अव्वल खेळाडूंत गणले जात. त्यांची गाठ महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली खेळाडूशी पडली. दोघांनी पुढे अनेक वर्षे शेकडो डाव खेळले आणि कोक्रेन यांनी त्यांतले बरेच लिहून ठेवले. १८४८ साली बॅनर्जींनी पेट्रॉफ बचाव खेळून डी पट्टीवरचे प्यादे पुढे टाकले, तेव्हा कोक्रेन यांनी घोडा मागे न नेता थेट एफ७ चे प्यादे मारले. राजाने घोडा मारला. दोन प्याद्यांच्या बदल्यात घोडा गेला. प्याद्याची किंमत एक धरली तर घोड्याची तीन धरतात. म्हणजे हिशेबाने तोटाच.

मग मिळाले काय? काळ्या राजाचा किल्लेकोट करण्याचा हक्क गेला आणि तो उघड्यावर आला. पांढऱ्याकडे मध्यावर एकापुढे एक सरकणारी प्यादी आली. कोक्रेन यांनी एका मापात तोटा सोसून दुसऱ्या दोन मापांत फायदा घेतला. आजचे संगणक म्हणतात की काळ्याने अचूक खेळल्यास हा बलिदानाचा डाव पांढऱ्याला परवडत नाही. पण समोर माणूस असला की अचूक खेळणे सोपे नसते. १९९९ साली लिनारेसच्या स्पर्धेत व्हेसेलिन टोपालोव्ह यांनी व्लादिमीर क्रामनिक यांच्याविरुद्ध हीच दीडशे वर्षांपूर्वीची खेळी केली आणि डाव बरोबरीत सुटला. 'कोक्रेन गँबिट' हे तिचे नाव आजही पुस्तकांत आहे. समोर बसलेल्या बॅनर्जींचे नाव मात्र फार थोड्यांना माहीत असते.

बॅनर्जींची खरी देणगी वेगळीच आहे. त्यांच्या पिढीचे लोक देशी पद्धतीने खेळत मोठे झाले. देशी पद्धतीत प्यादे सहसा पहिल्या खेळीलाही एकच घर पुढे जाई. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येई. आपल्याकडच्या जुन्या माणसांना ही पद्धत चांगली आठवत असे. प्यादे एकेक घरच सरकत असेल तर मध्य झटपट बळकावणे शक्य नसते. म्हणून खेळाडू जी पट्टीवरचे प्यादे एक घर पुढे टाकून त्यामागे उंट बसवीत. तेथून तो उंट पटाच्या सर्वांत लांब कर्णावरून थेट मध्याकडे पाहतो. बॅनर्जींनी ही सवय युरोपीय नियमांच्या खेळातही सोडली नाही. चौकात स्वतः जाऊन बसण्याऐवजी दुरून चौकावर नेम धरायचा, हा तो विचार. त्या काळी युरोपात तो विचित्र वाटला. विसाव्या शतकात त्याच मांडण्यांना 'इंडियन डिफेन्स' हे मानाचे नाव मिळाले.

मुंबईनेही या देवघेवीत भाग घेतला होता. १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक मुंबईत इंग्रजीत छापले गेले. मूळ संस्कृत, आणि आतील कूटे युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेली. खेळाचे नियम बदलले की चांगल्या सुरुवातीची व्याख्याही बदलते, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते. मुलांना एखाद्या तासाला देशी नियमांनी खेळायला लावावे. प्यादे एकच घर सरकू लागले की ई४ ची जादू कशी ओसरते, हे त्यांचे त्यांनाच कळेल.

घड्याळाचा हिशेब

'सुरुवातीची तत्त्वे समजली म्हणजे पाठांतर अजिबात नको काय?' असे कोणी विचारील. तसे नाही. बातुमीच्या जलद डावांत प्रत्येकीला १५ मिनिटे आणि प्रत्येक खेळीमागे १० सेकंद एवढाच वेळ होता. पहिल्या दहा-बारा खेळ्या ओळखीच्या असतील तर ती मिनिटे पुढच्या अवघड जागेसाठी शिल्लक राहतात. पाढे पाठ असण्याचा जो उपयोग, तोच हा. पाढे येतात म्हणून गणित येते असे नव्हे, पण पाढे येत असले की डोके गणिताच्या विचाराला मोकळे राहते.

निर्णायक डावात हंपी यांनी पांढऱ्या मोहऱ्यांनी कॅटलान पद्धत निवडली. १९२९ च्या बार्सिलोना स्पर्धेत टार्टाकोव्हर यांनी ती खेळली आणि कॅटलोनिया प्रांतावरून तिचे नाव पडले. यात वजिरापुढचे प्यादे डी४ वर, उंटापुढचे सी४ वर, आणि मग जी पट्टीवरचे प्यादे एक घर पुढे टाकून उंट जी२ वर बसतो. मध्य प्याद्यांनी धरायचा आणि वर दुरून नेमही धरायचा, असा हा दुहेरी विचार आहे. हंपी या पद्धतीतल्या मुरलेल्या. तरीही डावाचा निकाल सुरुवातीत लागला नाही. तो सत्तरहून अधिक खेळ्या चालला. मोहरी कमी झाल्यावर, घड्याळ संपत आले असताना, शेवटच्या टप्प्यातील चुकांवर तो फिरला. चांगली सुरुवात डाव जिंकून देत नाही. ती खेळण्याजोगा डाव हाती देते. पुढचे ज्याचे त्याला करावे लागते.

संगणकाची साक्ष

आमच्या तीन मापांना आणखी एक साक्ष आहे. मे १९९७ मध्ये आयबीएम कंपनीच्या डीप ब्ल्यू या संगणकाने गॅरी कास्पारोव्ह यांना सहा डावांच्या लढतीत हरवले. त्या यंत्राला माणसांनी सुरुवातीच्या खेळ्यांचे भांडार भरून दिले होते. डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या अल्फाझीरो या कार्यक्रमाची गोष्ट निराळी. त्याला फक्त नियम सांगितले होते. एकही जुना डाव दाखवला नव्हता. तो स्वतःशीच कोट्यवधी डाव खेळत शिकला आणि शिकताना माणसांनी शेकडो वर्षांत शोधलेल्या कितीतरी सुरुवाती त्याने आपल्या आपण पुन्हा शोधल्या. म्हणजे ई४, डी४ या खेळ्या नुसती रूढी नाहीत. त्यामागे खेळाच्या रचनेतलेच कारण आहे.

अर्थात पूर्ण उत्तर अद्याप कोणाकडेच नाही. पटावर सात किंवा त्याहून कमी मोहरी उरली असतील, तर कोण जिंकणार हे २०१२ पर्यंत संगणकाने पूर्णपणे सोडवून ठेवले. पण बत्तीस मोहऱ्यांची पहिली स्थिती अजून सुटलेली नाही. अचूक खेळल्यास डाव बरोबरीत सुटेल असे बहुतेकांचे मत आहे. ते मत आहे, सिद्धता नव्हे. मत आणि सिद्धता यांतला फरक मुलांना दाखवायला याहून चांगले उदाहरण क्वचित मिळेल.

पट कोणासाठी?

पुणे जिल्ह्यात महाळुंगे नावाची दोन गावे आहेत. एक बालेवाडीला लागून. तेथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले क्रीडासंकुल आहे. दुसरे चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातले, खेड तालुक्यातले. तेथे कारखाने, गोदामे आणि मालमोटारींची रांग. या दुसऱ्या महाळुंग्यात आम्ही हे मोजणीचे खेळ मुलांबरोबर करून पाहतो. मुलांचे आईवडील पाळ्यांत काम करतात. कोणी मराठवाड्यातून आलेले, कोणी विदर्भातून, कोणी बिहार-उत्तर प्रदेशातून. वर्गात चार भाषा ऐकू येतात, पण ई४ म्हटले की सगळ्यांचे बोट एकाच घरावर जाते.

तेथे एक गोष्ट वारंवार दिसते. शिकवणीला जाणारी दोन-तीन मुले पाठ केलेल्या खेळ्या धडाधड खेळतात. उरलेली मुले चार खेळ्यांत मात खातात आणि 'हा आपला खेळ नव्हे' असे ठरवून टाकतात. त्यांना कमी बुद्धी आहे म्हणून ती हरलेली नसतात. एफ७ च्या घराला राजाशिवाय आधार नाही, एवढी एकच माहिती त्यांना कोणी दिलेली नसते. ती दिली की पुढच्या आठवड्यात डाव चाळीस खेळ्या चालतो. आणि मग पाठांतरवाला मुलगा पाठाबाहेरच्या पटावर येऊन पोचतो, तेव्हा दोघेही खरोखर विचार करू लागतात. शिक्षकाला येथे फार मोठे काम करता येते, आणि त्यासाठी त्याने उत्तम खेळाडू असण्याची गरज नाही.

पट सर्वांसाठी खुला राहावा म्हणून महाराष्ट्रात पूर्वी झगडावेही लागले आहे. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली बंगलोरला झाली. ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या भगिनी जयश्री आणि रोहिणी यांनीही पुढे राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. १९७६ साली १३ वर्षांच्या रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा मुलीने तेथे खेळावे की नाही यावर वादंग झाले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. जागतिक संघटनेचे त्या वेळचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनीही राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत महिलांना मज्जाव करता येणार नाही असा निर्णय दिला. युवे हे स्वतः माजी जगज्जेते आणि गणिताचे डॉक्टर. १९८१ साली हैदराबादला रोहिणी आशियाई महिला विजेत्या झाल्या. पुढे पुण्याच्या सौम्या स्वामिनाथन २००९ साली मुलींच्या कनिष्ठ गटात जगज्जेत्या ठरल्या. बातुमीतला विजय या ओळीतला आहे.

वर्गात करून पाहण्याजोगे

शेवटी शिक्षकांसाठी चार सूचना. सगळ्या मिळून चार तासांत बसतात.

पहिल्या तासाला विसाही पहिल्या खेळ्या फळ्यावर मांडून प्रत्येकीनंतरची मोकळीक गटागटाने मोजावी आणि तक्ता करावा. ई३ आणि ई४ बरोबरीत आले की थांबून विचारावे, 'आता काय?' दुसरे माप मुलांनाच सुचू द्यावे. आपण घाई करू नये.

दुसऱ्या तासाला पेट्रॉफ बचावातला सापळा दोन्ही क्रमांनी खेळून दाखवावा आणि फरकाचे कारण एका वाक्यात लिहायला सांगावे.

तिसऱ्या तासाला देशी नियमांनी डाव खेळवावा आणि सुरुवात कशी बदलली याची चर्चा करावी. घरी आजोबांना देशी पद्धत ठाऊक असेल तर त्यांना वर्गात बोलवावे.

चौथ्या तासाला मुलांनी आपलाच एक डाव लिहून आणावा आणि पहिल्या सहा खेळ्यांपैकी प्रत्येकीपुढे 'का' या प्रश्नाचे उत्तर लिहावे. 'सगळे तसेच खेळतात' हे उत्तर मात्र चालणार नाही असे आधीच सांगावे.

लाकडी पट नसला तरी अडत नाही. पुठ्ठ्यावर चौसष्ट घरे आखावीत आणि बाटल्यांच्या झाकणांवर मोहऱ्यांची नावे लिहावीत. त्यावरही ई४ नंतरच्या खेळ्या मोजल्या तर तीसच भरतात.